युस्टन रोडवरच्या लाल विटा आणि आपले कामा हॉस्पिटल

लंडनमध्ये युस्टन आणि सेंट पँक्रस या दोन रेल्वे स्थानकांच्या दरम्यान, युस्टन रोडच्या अखंड वाहत्या रहदारीला तोंड करून लाल विटांची एक जुनी इमारत उभी आहे. तिला लागूनच ‘युनिसन’ या सार्वजनिक सेवांतील कर्मचाऱ्यांच्या मोठ्या संघटनेचे काचेचे मुख्यालय आहे आणि जुनी इमारतही आता त्याच मुख्यालयाचा भाग झाली आहे. १८९० मध्ये उघडलेली ही वास्तू शंभराहून अधिक वर्षे स्त्रियांचे रुग्णालय होती. तेथे रुग्ण स्त्रिया होत्या आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच होत्या. मुलीकडे लंडनला गेले असताना ही इमारत मी बाहेरून आणि आतून पाहिली. वास्तुविशारदांच्या कचेरीत नकाशे काढण्यात नोकरी गेल्यामुळे कोणत्याही इमारतीत शिरले की माझी नजर आधी खिडक्यांकडे आणि जिन्याकडे जाते, तशी ती येथेही गेली. ठाण्याला परतल्यावर या रुग्णालयाच्या इतिहासाचा माग काढू लागले, तेव्हा त्याचे धागे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या कामा हॉस्पिटलपर्यंत आणि एका अर्थी आपल्या कल्याणपर्यंत येऊन पोहोचले. म्हणून हा लेख.

हे रुग्णालय स्थापन करणाऱ्या एलिझाबेथ गॅरेट यांचा जन्म १८३६ चा. स्त्रीने डॉक्टर व्हावे ही कल्पनाच इंग्लंडला रुचत नव्हती असा तो काळ. मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये त्या प्रथम परिचारिका म्हणून दाखल झाल्या, हळूहळू व्याख्यानांना बसू लागल्या आणि पुरुष विद्यार्थ्यांनी तक्रार केल्यावर त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. विद्यापीठांनीही नकार दिला. अखेर सोसायटी ऑफ अपॉथेकरीज या जुन्या संस्थेच्या सनदेत स्त्रियांना स्पष्ट मनाई नाही, एवढ्या एका फटीतून त्यांनी वाट काढली आणि १८६५ मध्ये वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळवला. दुसरी कोणी स्त्री त्याच वाटेने येऊ नये म्हणून संस्थेने लगोलग नियम बदलले, ही गोष्ट त्या काळाविषयी पुरेसे सांगून जाते. एम. डी. ही पदवी त्यांना पुढे १८७० मध्ये पॅरिसने दिली. १८७१ मध्ये जेम्स स्केल्टन अँडरसन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन झाल्या. व्यवसाय मात्र त्यांनी सोडला नाही.

परवाना मिळाला तरी कोणतेही रुग्णालय त्यांना नोकरी देणार नव्हते. म्हणून १८६६ मध्ये त्यांनी मॅरिलेबोन भागात स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट मेरीज डिस्पेन्सरी हा दवाखाना सुरू केला. गरीब वस्तीतल्या बायकांची तेथे रीघ लागली. पुरुष डॉक्टरसमोर अंगावरचे दुखणे उघड करण्यापेक्षा ते अंगावरच काढणाऱ्या बायका केवळ आपल्याकडेच होत्या असा माझा बरीच वर्षे समज होता. व्हिक्टोरिया राणीच्या राजधानीतही त्या तितक्याच होत्या. १८७२ मध्ये या दवाखान्यावरच दहा खाटांचा कक्ष सुरू झाला आणि संस्थेला ‘न्यू हॉस्पिटल फॉर विमेन’ असे नाव मिळाले. दोन वर्षांनी जागा अपुरी पडून रुग्णालय मॅरिलेबोन रोडवरील घरांमध्ये हलले.

राहत्या घरांत रुग्णालय चालवणे म्हणजे काय, हे एका प्रसंगावरून कळते. बाईंना बीजकोशातील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया करायची होती. त्या काळी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया अत्यंत धोक्याची मानली जात होती आणि रुग्ण दगावल्यास संस्थेचेच नाव जाईल या भीतीने व्यवस्थापन मंडळाने रुग्णालयात ती करण्यास परवानगी दिली नाही. तेव्हा बाईंनी एका खासगी घरातील खोल्या भाड्याने घेतल्या, त्या धुऊन व रंगवून घेतल्या आणि शस्त्रक्रिया तेथे केली. ती यशस्वी झाली. भिंतींची स्वच्छता हा उपचाराचाच भाग आहे, हे जिला अशा रीतीने स्वतः पदरमोड करून शिकावे लागले, तिने पुढे स्वतःची इमारत बांधताना काय मागितले असेल याची कल्पना करता येते.

ती संधी १८८९ मध्ये आली. युस्टन रोडवर नव्या इमारतीची कोनशिला प्रिन्सेस ऑफ वेल्स अलेक्झांड्रा यांच्या हस्ते त्या वर्षीच्या मे महिन्यात बसवली गेली आणि पुढच्याच वर्षी बेचाळीस खाटांचे रुग्णालय सुरू झाले. वास्तुविशारद होते जॉन मॅककीन ब्रायडन. हे नाव पुढे लंडनच्या सरकारी इमारतींमुळे मोठे झाले. पार्लमेंटजवळच्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील भव्य शासकीय कचेऱ्यांचा आराखडा त्यांचाच. परंतु रुग्णालयासाठी त्यांची निवड होण्यामागे आणखी एक दुवा होता. एलिझाबेथबाईंची धाकटी बहीण ॲग्नेस आणि चुलत बहीण ऱ्होडा या दोघींनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रायडन यांच्याच कचेरीत उमेदवारी केली होती आणि नंतर स्वतःचा गृहसजावटीचा व्यवसाय थाटला होता. स्त्रियांनी वास्तुविशारदाच्या कचेरीत शिकणे ही तेव्हाच्या इंग्लंडमध्ये जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. ऱ्होडा १८८२ मध्ये निवर्तली. नव्या रुग्णालयाच्या अंतर्भागाची सजावट ॲग्नेसने पाहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कल्पना ट्रेसिंग पेपरवर उतरवलेल्या माझ्यासारखीला या इतिहासातील सर्वांत जवळची व्यक्ती ॲग्नेस वाटली, हे येथे मोकळेपणाने सांगते.

इमारतीची शैली ‘क्वीन ॲन’ म्हणून ओळखली जाते. राणी ॲनने १७०२ ते १७१४ या काळात राज्य केले आणि ही शैली आली १८७० नंतर, तेव्हा राणीचा तिच्याशी संबंध नावापुरताच. लाल वीट, पांढऱ्या रंगाच्या उंच उभ्या सरकत्या खिडक्या, छपराच्या कडेला त्रिकोणी किंवा वळणदार शिखरभिंती, विटांतच घडवलेली नाजूक नक्षी ही तिची लक्षणे. टोकदार कमानी आणि मनोरे मिरवणाऱ्या गॉथिक शैलीला कंटाळलेल्या तरुण वास्तुविशारदांनी जुन्या इंग्रजी व डच घरांकडे पाहून ती घडवली. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर लंडनच्या गरीब वस्त्यांत ज्या सार्वजनिक शाळा उभ्या राहिल्या त्या बहुतांशी याच शैलीत आहेत. केंब्रिजमधील न्यूनहॅम हे स्त्रियांचे महाविद्यालयही याच शैलीतले. त्यामुळे १८८९ पर्यंत लाल वीट आणि पांढरी खिडकी यांना एक अर्थ चिकटलेला होता: येथे काहीतरी नवे, सुधारकी आणि उजेडाचे चालले आहे. न्यू हॉस्पिटलच्या चालकांनी ही शैली निवडण्यामागे खर्चाचा विचार असेलच, कारण वीट स्वस्त आणि कोरीव दगड महाग. तरीही मला वाटते, दारात येणारी बाई बिचकू नये हा विचार त्याहून मोठा असावा. गरिबांना धर्मार्थ रुग्णालयाची आणि त्याहूनही अधिक निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या वर्कहाउसची धास्ती वाटत असे. घरासारखी दिसणारी इमारत ती धास्ती थोडी कमी करते.

अर्थात आत शिरल्यावर घर संपते आणि रुग्णालय सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी रुग्णालयांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विचारांची पकड होती. रोग दूषित हवेतून पसरतो ही त्या पिढीची श्रद्धा, आणि म्हणून लांबट वॉर्ड, समोरासमोरच्या भिंतींत उंच खिडक्या, दोन खिडक्यांच्या मध्ये एक किंवा दोन खाटा, छत भरपूर उंच, आणि संडास व मोऱ्या वॉर्डच्या टोकाला हवेशीर बोळाने तोडून काढलेल्या, असा आराखडा सर्वत्र रूढ झाला. जंतूंचा सिद्धान्त तोपर्यंत मान्य होऊ लागला होता, म्हणजे या रचनेमागचे शास्त्र जुने होत चालले होते. परंतु रचना मात्र उपयोगी ठरली, कारण उजेड, वाहती हवा आणि खाटांमधले अंतर यांनी जंतूंचाही जोर कमी होतो. चुकीच्या कारणासाठी बरोबर बांधलेल्या इमारती जगात पुष्कळ आहेत. आज घोडबंदर रोडवर जी नवी रुग्णालये उभी राहतात, त्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत, आणि वातानुकूलन बंद पडले की आतल्या माणसाला श्वास कोठून घ्यावा हा प्रश्न पडतो. त्या आराखड्यांवर मीही काम केले आहे, त्यामुळे हा टोमणा मलाही लागू आहे.

आता मुंबईकडे येते. १८८२-८३ च्या सुमारास मुंबईत जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सुधारक यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी वैद्यकीय निधी उभारला. विलायतेतून स्त्री डॉक्टर आणायच्या आणि त्यांच्या हाती पूर्णपणे स्त्रियांचे रुग्णालय सोपवायचे, असा त्यांचा बेत होता. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. कारभार स्त्री डॉक्टरांकडे असावा, या अटीवर हा सगळा डोलारा उभा होता. प्रमुख डॉक्टर कोण, हा प्रश्न लंडनला गेला तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी एडिथ पीची यांचे नाव सुचवले. एडिंबरो विद्यापीठात प्रवेशासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी ही एक. रसायनशास्त्रात पहिली येऊनही केवळ स्त्री म्हणून तिचे पारितोषिक दुसऱ्याला दिले गेले होते. १८८३ च्या डिसेंबरात त्या मुंबईत उतरल्या. त्याच्या काही दिवस आधी, २२ नोव्हेंबरला, ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी कामा हॉस्पिटलची कोनशिला बसवली होती. १८८६ मध्ये रुग्णालय सुरू झाले.

म्हणजे तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर स्त्री डॉक्टरांच्या हाती सोपवलेले, त्यासाठीच मुद्दाम बांधलेले रुग्णालय मुंबईला लंडनच्या न्यू हॉस्पिटलच्या युस्टन रोडवरील इमारतीच्या चार वर्षे आधी मिळाले. लंडनच्या बाई तेव्हा मॅरिलेबोन रोडवरील जुन्या घरांतच काम करत होत्या. विलायतेत आधी होते आणि मग आपल्याकडे येते, या सवयीच्या समजुतीला येथे धक्का बसतो. याच १८८६ मध्ये, आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री-कक्षाचे काम त्यांची वाट पाहत होते; फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचा अंत झाला आणि ते काम राहूनच गेले. कल्याण तेव्हाही ठाणे जिल्ह्यातच होते, परंतु ठाण्यात शिकलेल्या आम्हा मुलींना आनंदीबाई नेहमी पुण्याच्या म्हणूनच भेटल्या.

दुसरा धागा उलट दिशेने जातो. मेरी शार्लिब या इंग्रज बाई वकील नवऱ्याबरोबर मद्रासला आल्या, तेथील बायकांचे हाल पाहून मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, पुढे लंडनची पदवी घेऊन परतल्या आणि मद्रासमध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू करण्यात पुढे राहिल्या. प्रकृती साथ देईना म्हणून १८८७ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि न्यू हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या. १८९२ मध्ये एलिझाबेथबाई निवृत्त झाल्यावर तेथील मुख्य शल्यचिकित्सकाची जागा शार्लिबबाईंकडे आली. म्हणजे युस्टन रोडवरच्या शस्त्रक्रियागृहात ज्या हातांनी काम झाले, त्या हातांनी वैद्यकीचे पहिले धडे हिंदुस्थानात गिरवले होते.

तिसरा धागा रखमाबाईंचा. बालपणी झालेला विवाह नाकारून दादाजी भिकाजी यांच्याशी न्यायालयात झगडलेल्या रखमाबाईंना पुढे एडिथ पीची यांनीच वैद्यकीय शिक्षणाची वाट दाखवली. १८८९ मध्ये त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन येथे दाखल झाल्या. सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अधिष्ठाता तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसनच होत्या. संस्थेचे घर युस्टन रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि रुग्णालयाची इमारत बांधून पूर्ण झाली ती रखमाबाईंच्या विद्यार्थिदशेच्या सुरुवातीच्या काळात. १८९४ मध्ये पात्रता मिळवून त्या परतल्या आणि सुरतेला व नंतर राजकोटला त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची रुग्णालये सांभाळली.

दोन्ही इमारती रेल्वेच्या मोठ्या स्थानकांजवळ आहेत, याची मला विशेष गंमत वाटते. कामा हॉस्पिटलपासून काही पावलांवर व्हिक्टोरिया टर्मिनस बांधले जात होते, तर युस्टन रोडवरून सेंट पँक्रस स्थानकाची गॉथिक शिखरे दिसतात आणि आपल्या टर्मिनसचे नाते तज्ज्ञ नेहमी त्याच सेंट पँक्रसशी जोडतात. परंतु शेजार सारखा असूनही पोशाख वेगळा. कामा हॉस्पिटलचे आरेखन सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंते खानबहादुर मुंचरजी मर्झबान यांनी दगडी गॉथिक शैलीत केले, कारण त्या दशकांत मुंबईत सरकारमान्य इमारत म्हणजे गॉथिकच होती. सरकारने हे रुग्णालय आपले मानले आहे, त्यामागे शहर उभे आहे, असे तो दगड सांगतो. युस्टन रोडवरची वीट सांगते की हे आम्ही वर्गणी गोळा करून आमच्यासाठी उभे केले आहे. दोन्हीकडे येणारी बाई सारखीच घाबरलेली असणार. तिला धीर देण्याचे हे दोन मार्ग. यात मला वीट अधिक जवळची वाटते, परंतु मुंबईच्या पावसात दगडच टिकतो हेही खरे.

एलिझाबेथबाई १९१७ मध्ये वारल्या आणि पुढच्या वर्षी रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. १९४८ मध्ये ते राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेले आणि तेथून त्याच्या अडचणी वाढत गेल्या, कारण स्त्रिया आता सर्वच वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत होत्या आणि केवळ स्त्रियांसाठी वेगळे लहान रुग्णालय कशासाठी, असे हिशेब पाहणारे विचारू लागले. १९७६ मध्ये ते बंद करण्याची वेळ आली तेव्हा कर्मचाऱ्यांनी अजब मार्ग स्वीकारला: संप न करता त्यांनी काम चालूच ठेवले. खाटांवर रुग्ण आहेत आणि त्यांची सेवा चालू आहे तोवर रुग्णालयाला कुलूप लावता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ब्रिटनमध्ये रुग्णालयात झालेले अशा प्रकारचे हे पहिले आंदोलन मानले जाते. ते दोन वर्षांहून अधिक चालले आणि रुग्णालय तेव्हापुरते वाचले. पुढे नव्या शतकाच्या उंबरठ्यावर विभाग दुसरीकडे हलले, इमारत रिकामी पडली, आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव असल्यामुळे पाडली गेली नाही. युनिसनने जुनी इमारत दुरुस्त करून २०११ मध्ये नव्या मुख्यालयात सामावून घेतली व तिच्या काही भागात एलिझाबेथबाईंच्या कार्याचे कायमचे प्रदर्शन मांडले. बाईंचे नाव रुग्णसेवेतही राहिले आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या स्त्री व प्रसूती विभागाच्या इमारतीला ते दिलेले आहे.

हे जतन उत्तम आहे आणि तरीही माझे समाधान झाले नाही. विटा धुतलेल्या, खिडक्यांना ताजा रंग, प्रदर्शनाची मांडणी नेटकी. परंतु ज्या कारणासाठी खिडकी इतकी उंच केली ते कारणच आत नाही. नौपाड्यात अनेक वर्षे प्रसूतिगृह चालवलेल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितले, तेव्हा ती हसली. “ताई, तुम्हाला इमारत दिसते, मला जिना दिसतो. रक्तस्राव होणाऱ्या बाईला स्ट्रेचरवर घालून तो जिना चढवून बघा एकदा.” जुन्या वॉर्डांत ऑक्सिजनच्या नळ्या, स्वतंत्र विलगीकरण कक्ष, मोठ्या लिफ्ट बसवणे किती अवघड असते हे तिने मला सविस्तर समजावले. ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना सिव्हिल हॉस्पिटलची जुनी वास्तू नव्या मोठ्या रुग्णालयासाठी पाडली गेली तेव्हा मला वाईट वाटले होते. तिला वाटले नव्हते. तिचे म्हणणे चूक आहे असे मी म्हणू शकत नाही.

म्हणूनच कामा हॉस्पिटलचे मोल मला लंडनहून आल्यावर अधिक जाणवू लागले. ते आजही स्त्रिया व मुले यांचे सरकारी रुग्णालय आहे, ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले आहे आणि तेथे रोज बाळे जन्माला येतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी त्या आवारात शिरले, तेव्हाही आत रुग्ण आणि बाळंतिणी होत्या. बाजूच्याच गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आले. बहुतेक मुंबईकरांना ‘कामा’ म्हटले की आता तीच रात्र आठवते. पीचीबाई, मर्झबान आणि पेस्तनजी कामा मागे पडतात.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. वास्तुकला शिकणाऱ्या मुलांनी परवानगी घेऊन कामा हॉस्पिटलच्या मूळ इमारतीची मोजमापे घ्यावीत, मजल्यांचे नकाशे, छेद आणि दर्शनी बाजू काढाव्यात, मागाहून झालेली भर वेगळ्या रेघेत दाखवावी आणि तो संच एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावा. पुढे तेथे लिफ्ट बसवायची असो किंवा वॉर्ड वाढवायचा असो, कोणती भिंत १८८६ ची आहे आणि कोणती नंतरची, हे त्या अभियंत्याच्या हातात असले पाहिजे. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी अधूनमधून आरेखन तपासायला जाते. तेथील विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडला आहे आणि दोघींनी त्यात रस दाखवला आहे. परवानगीचा अर्ज लिहायला मी त्यांना मदत करणार आहे.